मदत हवी आहे: चियांग माईत हत्तींसोबत एक दिवस, पण कुठे?

नमस्कार मंडळी. जानेवारीत मी आणि नवरा थायलंडला जातोय, त्यातले चार दिवस चियांग माईत. एक अख्खा दिवस हत्तींसोबत काढायचा हे ठरलंय. कुठे, यावरून मात्र रोज जुंपते.

स्वारी नको, यावर एकमत आहे. १९८९ मध्ये थायलंडने जंगलतोडीवर बंदी आणली, ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत बेकार झाले आणि बरेचसे पर्यटनाकडे वळले. हे वाचल्यापासून हत्तीच्या पाठीवरची ती बाकडी बघवत नाहीत. पण हल्ली 'सँक्चुअरी'ची पाटी जो तो लावतो. एका ठिकाणच्या फोटोत दहा-बारा जण एकाच हत्तिणीला चिखल फासतायत आणि मागे माहुताच्या मुठीतून अंकुशाचं टोक डोकावतंय. नवरा म्हणतो, "तुला फोटोत नको तेच बरोबर दिसतं!"

मे ताएंग खोऱ्यातल्या एलिफंट नेचर पार्कबद्दल चांगलं ऐकलंय. तिथे आंघोळ घालणं वगैरे नाही, लांबून बघायचं. मला तेच पटतं. नवऱ्याला वाटतं, एवढ्या लांब जाऊन निदान एक केळं तरी आपल्या हाताने भरवावं.

कुणी जाऊन आलंय का? नुसतं बघण्यात दिवस कंटाळवाणा होतो का? बुकिंग किती आधी करावं लागतं? आणि डोंगरातली चाल कितपत आहे? नवऱ्याचा डावा गुडघा कुरकुरतो, हे तो स्वतः विचारणार नाही.