गावचा स्तंभ आणि वॉशिंग्टनची भिंत

*अण्णा:* गावच्या वीरमरण आलेल्या जवानांच्या स्मृतिस्तंभाची वर्गणी आजअखेर ११,३०० रु. पारावरच्या पोरांनी ‘अण्णांचा ताजमहाल’ असं नाव ठेवलंय. कळावे.

*आत्या:* कुणी सांगितलेत रे हे उद्योग? आधी गुडघा बघ.

*ताई (व्हर्जिनिया):* अण्णा, पोरांचं मनावर घेऊ नका. इथे वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धात पडलेल्या अमेरिकन सैनिकांच्या नावांची भिंत आहे ना, तिच्यामागे जॅन स्क्रग्ज म्हणून एक माणूस होता. जनरल वगैरे नाही हं, पायदळातला साधा शिपाई, १९६९ मध्ये तिकडे जखमी झालेला. १९७९ मध्ये पदरचे २,८०० डॉलर घालून त्याने निधी काढला. सुरुवातीला जमले किती? १४४ डॉलर ५० सेंट! टीव्हीवर टिंगल झाली. पण पुढे पावणेतीन लाख लोकांनी मिळून ८४ लाख डॉलर दिले. सरकारची फक्त जागा. १३ नोव्हेंबर १९८२ ला लोकार्पणसुद्धा झालं.

*वहिनी:* साडेतीन वर्षांत?? आमच्या गल्लीतलं गटार अजून व्हायचंय 😄

*अण्णा:* नावं कुठल्या क्रमाने आहेत? माझं घोडं तिथेच अडलंय. सुभेदार वर की शिपाई, यावरून बैठकीत जुंपली. अकारविल्हे लावावीत तर निम्मं गाव एकाच आडनावाचं.

*ताई (व्हर्जिनिया):* तिथेही हाच वाद! नुसते स्मिथच सहाशेच्या वर. टेलिफोन डिरेक्टरीच झाली असती. १,४२१ प्रवेशिकांतून माया लिनचा आराखडा निवडला, तेव्हा ती २१ वर्षांची होती. तिचा क्रम तारखेचा, आणि हुद्दा कुणाचाच नाही. म्हणून एका दिवशी पडलेले आजूबाजूला येतात. नावाला खूण असते: मृत्यूची खात्री असेल तर शंकरपाळ्यासारखा चौकोन, बेपत्ता असेल तर क्रूस. अवशेष मिळाले की क्रूसावरच चौकोन कोरतात. जिवंत परतला तर भोवती वर्तुळ काढायचं ठरलंय, पण ते अजून एकदाही काढावं लागलेलं नाही.

*धाकटा:* आणि तो काळा ग्रॅनाइट बेंगळुरूचा आहे, माहितीये? आपल्याला तर जवळच.

*वहिनी:* विरोध कुणी केला नाही का?

*ताई (व्हर्जिनिया):* तर! काही माजी सैनिकच म्हणाले, ही कसली काळी भेग, यात शौर्य कुठाय. स्क्रग्जने नावांच्या भिंतीला धक्का लागू दिला नाही. शेजारी तीन सैनिकांचा पुतळा मान्य केला, तो १९८४ मध्ये बसला. वर्गणी काय, पुष्कळ जण गोळा करतात. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन काम पुढे रेटणं मला जास्त मोठं वाटतं.

*अण्णा:* ठरलं तर. हुद्दे नाहीत. वीरमरणाच्या तारखेप्रमाणे. ग्रामसभेत मांडतो.

*आत्या:* मांड. पण ‘यांच्या शुभहस्ते’ ही ओळ सगळ्या नावांपेक्षा मोठी येणार, बघशील. माझे पाच हजार लिही.