कूपर यांची सही असलेले गुरांचे तैलचित्र: लिलावात बोली लावावी का?

लीड्सकर:
येथील एका छोट्या लिलावगृहाच्या पुढील आठवड्याच्या विक्रीत नदीकाठच्या कुरणातील चार गाई आणि दोन मेंढ्यांचे एक तैलचित्र आहे. कॅटलॉगमध्ये 'मॅनर ऑफ थॉमस सिडनी कूपर' (कूपर म्हणजे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज चित्रकार) आणि पुढे 'बेअर्स सिग्नेचर' असे छापले आहे. अंदाजित किंमत 400 ते 600 पौंड. उजव्या कोपऱ्यात 'टी. सिडनी कूपर, आर.ए., 1858' ही सही छायाचित्रातही स्वच्छ वाचता येते. मग हे चित्र कूपर यांचे आहे असे लिलावगृह सरळ का म्हणत नाही? त्यांच्या नजरेतून निसटले असेल, तर स्वस्तात हाती लागेल असा मोह होतो आहे.

जुनीचौकट:
निसटलेले नाही, उलट त्यांनी जे सांगायचे ते कायद्याच्या भाषेत सांगून टाकले आहे. 'साइन्ड' म्हणजे त्यांच्या मते सही चित्रकाराची, आणि 'बेअर्स सिग्नेचर' म्हणजे त्यांच्या मते ती दुसऱ्या कोणाच्या हातची. 'मॅनर ऑफ' तर 'अट्रिब्यूटेड टू' (बहुधा त्याच चित्रकाराचे) किंवा 'सर्कल ऑफ' (त्याच्या काळातील, त्याच्या प्रभावाखालच्या कोणाचे) यांच्याही खालची पायरी, म्हणजे केवळ त्या शैलीतील आणि बहुधा नंतरच्या काळातील काम.

शिवाय ही सही स्वतःच चुगली करते. कूपर लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेचे सहयोगी सदस्य ('ए.आर.ए.') 1845 मध्ये झाले आणि पूर्ण सदस्य ('आर.ए.') 1867 मध्ये, त्यामुळे 1858 च्या चित्रावर ते फार तर 'ए.आर.ए.' लिहू शकले असते. कँटरबरीचा हा गृहस्थ (1803–1902) गाई-मेंढ्यांसाठी इतका प्रसिद्ध होता की त्याच्या हयातीतच बनावट चित्रे बाजारात फिरत असत.

रंगलेप:
जुनीचौकट यांच्याशी सहमत आहे, पण खोटी सही म्हणजे चित्रही टाकाऊ असे नव्हे. त्या काळातील एखाद्या कमी नावाजलेल्या चित्रकाराच्या चांगल्या कामावर पुढे एखाद्या विक्रेत्याने वजनदार नाव चढवले, असे पुष्कळदा घडलेले आहे. पाहणीच्या दिवशी अतिनील दिवा लावून पाहू देतात का ते विचारा. जुने नैसर्गिक वॉर्निश त्या प्रकाशात हिरवट चमकते, आणि सही वॉर्निशच्या वर केलेली असेल तर ती काळी, तरंगल्यासारखी दिसते. कॅनव्हासची मागची बाजूही अवश्य पाहा, कारण तेथे साहित्य पुरवणाऱ्या दुकानाचा शिक्का असेल, तर दुकानाच्या पत्त्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो.

अंदाजित किमतीला मात्र फार मान देऊ नका. एकोणिसाव्या शतकातीलच इंग्रज चित्रकार होल्मन हंट यांचे 'इझाबेला अँड द पॉट ऑफ बॅसिल' 2014 मध्ये डेलावेअरच्या संग्रहालयाने लंडनला क्रिस्टीज या लिलावगृहात विकायला काढले, तेव्हा अंदाज 50 ते 80 लाख पौंडांचा होता आणि हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली ठरली, ती 25 लाखांवर.

जुनीचौकट:
आणि हिशेब हातोड्यावर थांबत नाही. लिलावगृहाचे खरेदीदाराकडून घ्यायचे कमिशन 25 टक्के असेल, तर 400 च्या बोलीवर 100 पौंड आणि त्या कमिशनवर 20 टक्के व्हॅट, म्हणजे 520. दर विक्रीच्या अटींत आधी वाचून घ्या.

लीड्सकर:
काल पाहणी करून आलो. मागे नवे कापड चिकटवलेले असल्यामुळे शिक्का असलाच तर तो त्याखाली गेला आहे. दिव्याखाली तारीख आणि नाव दोन्ही काळे दिसले. गाई मात्र सुरेख रंगवल्या आहेत, विशेषतः पाण्यात उभी असलेली तांबडी. कूपर यांचे नाव विसरून 300 पर्यंत बोली लावीन.