सावुतीची वाळू: टायरची हवा किती ठेवायची?

भटका_पुणेकर: नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आम्ही चौघं नामिबिया-बोत्स्वाना करतोय, विंडहुकहून टोयोटा हायलक्स 4x4 भाड्याने घेतोय, टपावर तंबूवाली. नामिबियात सोसुसव्लेईचं वाळवंट आणि एटोशाचं अभयारण्य, मग डिवुंडूवरून बोत्स्वानात माउन, मोरेमी आणि सावुतीचं जंगल, कसाने, एकूण 16 दिवस. तिथेही आपल्यासारखं डावीकडूनच चालवायचं त्यामुळे ते टेन्शन नाही, लडाख-स्पिती झालंय, पण वाळूत गाडी कधीच घातलेली नाही. एकट्या गाडीने सावुती जमेल का?

मीनल_जोबर्ग: जमेल, आम्ही दोघंच गेलो होतो. पण लडाखचा अनुभव इथे फार कामी येत नाही हो, तिथे दगड, इथे पीठ. आम्ही खडीच्या रस्त्यावरची 1.8 बार (साधारण 26 psi) हवा तशीच ठेवून वाळूत शिरलो आणि भर दुपारी गाडी पोटावर बसली, आणि नवरा रेस देत राहिला तशी आणखी खाली गेली. मग फावड्याने चाकांपुढची वाळू काढली, हवा 1 बारवर आणली, टायर खाली पसरलेला डोळ्यांना दिसत होता, लो गिअर टाकला आणि गाडी अलगद बाहेर! त्यात सारखं मागे वळून बघायचं, कारण हत्ती झुडपातून आवाज न करता येतो. तेव्हा आधीच 1.2 करा, चाकोरी सोडू नका, आणि पहाटे निघा, गार वाळू घट्ट असते. माउननंतर भरवशाचं डिझेल थेट कसानेला, टाकी पूर्ण भरा.

रानवेडा: मीनलताईंशी सहमत. कॉम्प्रेसर गाडीत आहे का आणि चालतो का ते ताब्यात घेतानाच बघा, डांबरी लागली की हवा परत भरावी लागते. सोसुसव्लेईच्या शेवटच्या 5 किमीत वाळूच आहे, सराव तिथेच करून घ्या. खडीवर 80 च्या वर नको, गाडी पलटी होते. आणि कच्चं मांस घेऊ नका, लाळ्या-खुरकताच्या साथीमुळे वाटेतल्या तपासणी गेटवर काढून घेतात. मोरेमी-सावुतीच्या कॅम्पला कुंपण नाही, अंधार पडल्यावर तंबूतून उतरू नका, अगदी बाथरूमलासुद्धा.

भटका_पुणेकर: खूप आभार दोघांचे! 16 दिवस पुरतील?

मीनल_जोबर्ग: घाई होईल. किनाऱ्यावरचं स्वाकोपमुंड घेतलं नाहीत ते बरं केलंत, एटोशाला मात्र तीन रात्री द्याच. तिथल्या ओकाउकुएजो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्री दिवे असतात, आम्ही पहाटे दोनपर्यंत बसलो होतो, काळा गेंडा पाणी प्यायला आला तेव्हा कोणी श्वाससुद्धा घेत नव्हतं.