अडोलसन्सचा तिसरा भाग: नुसतं बोलणं, तरी एवढं टेन्शन?

पावभाजी_डबल_बटर:
काल नेटफ्लिक्सवरच्या अडोलसन्स या ब्रिटिश मालिकेचा तिसरा भाग बघितला. एक खोली, एक टेबल, वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप असलेला १३ वर्षांचा जेमी आणि ती सायकॉलॉजिस्ट, पन्नासेक मिनिटं बोलतायत फक्त, तरी माझा चहा समोर गार झाला. अ‍ॅक्टिंग भारी आहेच पण कॅमेऱ्याने नक्की काय केलंय? अख्खा भाग एका टेकचा, म्हणजे मधे कुठेही कट न करता सलग शूट केलेला आहे हे मला नंतर कळलं, बघताना लक्षातच नाही आलं, मग परिणाम कसा काय होतो?

तिसरी_घंटा:
लक्षात नाही आलं म्हणूनच होतो की. एरवी जो बोलेल त्याचा चेहरा, मग ऐकणाऱ्याचा, दोघांच्या मनातलं आपल्याला आयतं मिळतं. इथे कॅमेरा जेमीवर असताना तिचा चेहरा कसा झालाय ते कळतच नाही, नुसता आवाज ऐकून अंदाज बांधायचा. शिवाय कॅमेरा टेबलाभोवती हळूहळू फिरतो, क्लोज हवा असेल तर चालतच जवळ जावं लागतं, त्यामुळे खोलीत तिसरं कोणीतरी आहे असं वाटत राहतं. ती कॉरिडॉरमधे गेली की आपणही तिच्या मागे, आत पोरगं काय करतंय देव जाणे. आणि जेमीची ती जांभई खरी होती बरं का, सायकॉलॉजिस्ट झालेल्या नटीने तिथल्या तिथे विचारलं, बोअर करतेय का मी तुला!

क्लॅप_बॉय_रिटायर्ड:
मी मालिकेच्या सेटवर असिस्टंट होतो, आमचं बरोब्बर उलट. सासूने एक वाक्य टाकलं की घरातल्या सहा जणांचे क्लोज, वर ढॅण ढॅण. लोक हसतात, हसू देत, पण रोज एक भाग बाहेर काढायचा असतो, दोन-तीन कॅमेरे लावायचे, मास्टर (सगळे एका फ्रेममधे), सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसरा), क्लोज (नुसता चेहरा), चला पुढचा सीन. आणि माझी आई कुकरच्या शिट्ट्या मोजत बघते, तिने मान वर केल्यावर कोण चिडलंय ते एका चेहऱ्यात कळायला नको का? अडोलसन्सवाल्यांकडे एका भागाला रिहर्सल धरून तीन आठवडे होते, हा भाग अकराव्या टेकचा आहे.

उगाच_शंका:
मला दुसऱ्या भागात उलटा अनुभव. शेवटी कॅमेरा ड्रोनला लावून गावावरून नेलाय ना, तिथे मी गोष्टीतून बाहेरच पडलो, डोक्यात एकच, हे केलं कसं!

तिसरी_घंटा:
@उगाच_शंका अर्धं मान्य. पण खाली उतरल्यावर जेमीचा बाप खून झाला तिथे फुलं घेऊन उभा दिसतो, तिथे मी परत आत.