आधी भाषा, मग बाकीचं

परदेशातून खेड्यात आलेल्या मिशनरी स्वयंसेवकाला जेवण आणि हवा सगळ्यात जड जाते, असं पुष्कळ जण म्हणतात. मला नाही पटत. हवेने माणूस आजारी पडतो हे खरं, पण परका राहतो तो भाषेमुळे. जॉन विल्सन (ज्यांचं नाव मुंबईच्या कॉलेजला आहे तेच) १८२९ साली स्कॉटलंडहून आले, तेव्हा मुंबईत काम सुरू करण्याआधी पत्नी मार्गारेटसह काही महिने बाणकोट-हर्णै भागात राहून मराठी शिकले. मार्गारेटबाईंनी पुढे मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, त्यामागे ही मराठी होती.

आमच्या दापोलीकडच्या घरी माझ्या लहानपणी अशीच एक परदेशी बाई वर्षभर राहायला होती. पेज, सुकट, कुळथाचं पिठलं सगळं तिने महिन्याभरात आपलंसं केलं. अडायचं बोलण्यात. बाहेर पडताना ती पुस्तकातलं शिकल्याप्रमाणे “मी जाते” म्हणायची. आत्या खळ्यातून हाक मारून तिला परत बोलवायची, उंबऱ्यात उभी करायची आणि म्हणायची, “जाते नाही गो बाय, येते म्हण.” रोज. आणि एका सकाळी ती चप्पल घालता घालता आपणहून “आत्या, येते हां” म्हणाली. आत्याने सारवणाचा हात तसाच ठेवून वर बघितलं आणि म्हणाली, “ये हो, लवकर ये.” त्या दिवसापासून शेजारणी तिला पाहुणी म्हणेनाशा झाल्या.