मदत हवी आहे : लेबलची मूळ फाइल ग्राहकाला द्यावी का?

नमस्कार. मी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षात शिकत असून एका घरगुती मसाला व्यावसायिकांसाठी पाकिटाचे लेबल केले आहे. अक्षरे कर्व्हमध्ये (म्हणजे फाँटवर अवलंबून नसलेल्या आकारांत) न बदलता फाइल छापखान्यात गेल्यामुळे पहिल्या प्रुफावर ‘कांदा-लसूण’मधला अनुस्वारच गायब झाला (चूक माझीच), आणि स्क्रीनवरचा झगझगीत लाल सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) विटकरी उतरला, ते मी विनामूल्य सुधारून दिले. आता मात्र सहाव्यांदा बदल सांगून, ठरलेल्या रकमेतच कोरल ड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरमधली, पुढे बदल करता येणारी मूळ फाइलही मागितली जात आहे. सारे व्हॉट्सॲपवर ठरल्याने लेखी करार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वामित्वहक्काचे हस्तांतर लेखी लागते, हे मला ठाऊक आहे. परंतु व्यवहारात मूळ फाइलचे वेगळे पैसे आपण कसे आकारता आणि संबंध न बिघडवता ते कसे सांगता, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.