चालीची मुदत, डावाचा वेळ आणि आपोआप येणारा इशारा

प्रश्न : ऑनलाइन बुद्धिबळाच्या एका ॲपचे मराठीकरण करत आहे. खेळाडूला मिळणाऱ्या वेळेला ‘मुदत’ म्हणावे की ‘वेळमर्यादा’? वेळ संपत आल्यावर आपोआप जाणाऱ्या संदेशाला ‘ताकीद’ म्हटलेले चालेल का?

उत्तर : ‘ताकीद’ कृपया वापरू नये. ताकीद अधिकार असलेला माणूस देतो आणि ज्याला ती मिळते त्याच्या हातून काही आगळीक घडली आहे, किंवा घडेल, असे तीत गृहीत असते. ‘सक्त ताकीद’ हा रूढ प्रयोग त्याच अर्थाचा आहे. शेवटची दहा सेकंदे उरलेली असताना विचारात गढलेल्या खेळाडूने कोणताच नियम मोडलेला नसतो, तो आपल्या हक्काचा वेळ वापरत असतो. त्याला हवा तो ‘इशारा’, कारण इशाऱ्यात पुढचा धोका दाखवलेला असतो, दोष दिलेला नसतो. हरण्याची चिन्हे दिसताच डाव अर्धवट सोडून जाण्याची ज्याला सवय आहे, त्याला खाते बंद करण्यापूर्वी पाठवलेला संदेश मात्र खरोखर ताकीद ठरतो. दोन्हींसाठी एकच शब्द ठेवल्यास निर्दोष खेळाडूला उगाच अपराधी वाटेल.

‘मुदत’ दिवसांच्या हिशेबात शोभते. एकेका चालीला काही दिवस मिळतात अशा डावात ‘चालीची मुदत तीन दिवस’ हे अगदी सहज वाटते. फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांप्रमाणे ब्लिट्झमध्ये, म्हणजे अतिजलद बुद्धिबळात, प्रत्येक खेळाडूला संपूर्ण डावासाठी १० मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ असतो. तेथे चालीला स्वतंत्र मर्यादाच नसल्याने ‘डावाचा वेळ’ म्हणणे बरोबर. १९९२ च्या फिशर–स्पास्की सामन्यात वापरलेल्या घड्याळाप्रमाणे प्रत्येक चालीला जी सेकंदे वाढून मिळतात, त्यांना ‘मुदतवाढ’ म्हणू नये, कारण मुदतवाढ मागावी लागते आणि कोणीतरी ती मंजूर करते. ‘वाढीव सेकंदे’ पुरे.

लिंगाकडेही लक्ष असावे. जेवायची वेळ होते, पण वेळ वाया जातो. म्हणून पडद्यावर ‘तुमचा वेळ संपला’ असेच हवे.

पुढचा प्रश्न : याच ॲपमध्ये पत्त्यांचे खेळही आहेत. तेथे ‘चाल’ऐवजी ‘पाळी’ घ्यावी का?

उत्तर : ‘आता तुमची पाळी’ हे निर्वेध आहे. मात्र वेळेत पान न टाकणाऱ्याला ‘तुमची पाळी चुकली’ असा संदेश गेल्यास त्याचा रूढ अर्थ निराळाच होतो, तेव्हा तेथे ‘वेळेत पान टाकले गेले नाही’ असे सरळ लिहावे. बुद्धिबळाच्या संदेशांत आणखी एक दक्षता घ्यावी : ‘वेळ संपला’ आणि ‘पराभव’ हे एकाच वाक्यात बांधू नयेत. प्रतिस्पर्ध्याला नियमात बसणाऱ्या कोणत्याही चालींनी मात करणे शक्य नसेल, उदाहरणार्थ त्याच्याकडे एकटा राजाच उरला असेल, तर वेळ संपूनही डाव बरोबरीत सुटतो.